केराबाईची दीड गुंठा जागा

सोलापुरात जागा घ्यायचं खूळ केराबाईचं. तिच्या नवऱ्याच्या, तात्याबाच्या, मनात ते कधीच नव्हतं. पुढं सगळं विस्कटल्यावरही त्यानं हे तिला कधी बोलून दाखवलं नाही, आणि केराबाईला जाच झाला तो त्याचाच. एकदा जरी तो 'तुझ्यापायी झालं' म्हणाला असता, तरी ती भांडली असती, रडली असती आणि मोकळी झाली असती.

दोघंही सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातली. पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर घोड्यावर बिऱ्हाड आणि पायाखाली वाट. केराबाईचा जन्मही तसाच करमाळ्याच्या वाटेवर, कुणाच्या तरी बांधाला झाला होता. त्याचं तिला काही वाटत नसे. पण तिची दोन लेकरं गेली तीही वाटेवरच. धाकटीला भूमच्या पुढं एका शेताच्या कडेला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं हलली म्हणून तीही हलली. पुढच्या वर्षी त्याच वाटेनं जाताना तिनं ती जागा धुंडली. शेतकऱ्यानं बांध फोडून तिथवर नांगर घातला होता. तिनं तीन ढेकळं उलथून पाहिली, आणि चौथ्याला हात घालायच्या आत तात्याबानं तिला उठवलं.

एकोणीसशे एकोणीसच्या दुष्काळात मेंढरं पटापट मेली तेव्हा दोघं सोलापुरात आली. तात्याबा गिरणीत बॉयलरला कोळसा घालायच्या कामावर लागला, केराबाई सूत गुंडाळायच्या रीळ खात्यात. राहायला गिरणीच्या चाळीत एक खोली मिळाली. वाचलेल्या अठरा मेंढ्या केराबाईच्या भावाकडं, धुळाकडं, त्याच्या कळपात ठेवल्या होत्या. त्यांची लोकर आणि कोकरं वर्षाकाठी काहीतरी देत होती. बरं चाललं होतं.

मग सव्वीस साली शेजारच्या खोलीतल्या मायाक्काच्या नवऱ्याचा हात गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडला. दवाखान्यातून तो परत आला तो एका हाताचा. एका हाताच्या माणसाला काम नाही, आणि कामावर नाही त्याला चाळीत खोली नाही. आठव्या दिवशी मुकादम दारात उभा राहिला. मायाक्कानं भांडी पोत्यात भरली. नवरा भिंतीला टेकून नुसता बघत होता. केराबाईनं पोत्याचं तोंड बांधायला हात लावला आणि त्याच संध्याकाळी तिनं विषय काढला.

"आपली जागा पायजे."

"जागा घिऊन काय करायचं?" तात्याबा भाकरी मोडता मोडता म्हणाला. "गिरणी हाय तवर खोली हाय. गिरणी न्हाय तर आपल्याला सोलापूर तरी कशाला पायजे?"

"आन म्हातारपणी कुटं जायचं?"

"धुळा हाय की. मेंढरं हायेत."

"मेंढरांचं कवतिक मला नगा सांगू. एकोणीसला किती ऱ्हायली? जागेला रोग येत न्हाय का दुष्काळ येत न्हाय. कुनी उठ म्हननार न्हाय असं चार भिताडांचं आपलं काय तरी पायजे."

तात्याबानं पाणी प्यायलं. तो वाद घालणारा माणूस नव्हता. तिला हवं होतं आणि त्याला त्यात फारसं काही दिसत नव्हतं, पण तिच्या हव्या असण्याला तो आडवा येणार नव्हता.

गिरणीच्या मागं अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला शिवप्पाचं शेत होतं. हलकं रान, ज्वारी जेमतेम ढोपरभर वाढायची. शिवप्पानं त्यात चुन्याच्या रेघा मारून जागा पाडल्या होत्या. गिरणी नवं खातं काढणार, हजार माणूस वाढणार, आणि हजार माणसाला खोल्या लागणार, असं तो सांगायचा. तो फसवत नव्हता. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता, आणि जागांचे आलेले पैसे त्यानं कापडाच्या व्यापारात घातले होते.

"यव्वा, ह्या साली नको म्हनशील," तो केराबाईला म्हणाला, "तर फुडच्या साली दुप्पट दिऊन मागशील. कापडाला मरन न्हाय. मानूस उघडा फिरतंय व्हय?"

केराबाईनं दीड गुंठा धरला. जागा आणि वर बांधकाम, यासाठी तिच्या आईनं दिलेली चार तोळ्यांची बोरमाळ नव्या पेठेत मोडली. तेव्हा सोन्याला तोळ्याला एकवीस-बावीस रुपये होते. तेवढ्यानं भागेना, म्हणून अठराच्या अठरा मेंढ्या विकायच्या ठरल्या.

मेंढ्यांचे पैसे द्यायला धुळा स्वतः आला. खोलीत न येता तो बाहेरच उकिडवा बसला.

"आक्का, तुला येक सांगू? मेंढरू चालतं. हितं पानी न्हाय तर पानी असंल तितं जातं. तुझी जागा कुटं जानार?"

"ती जात न्हाय म्हनून तर घ्याची."

धुळानं पैसे तिच्या ओंजळीत ठेवले आणि तो जेवायलाही थांबला नाही.

सत्तावीसच्या उन्हाळ्यात घर उभं राहिलं. दगड खाणीतून आणले, पण माती दोघांनी पाळी सुटल्यावर स्वतः तुडवली. एका ओळीत तीन खोल्या, वर पत्रा. एक आपल्याला आणि दोन भाड्यानं द्यायला. पहिल्या दिवशी केराबाई सकाळपासून चार वेळा घराला फेरी मारून आली. तात्याबा हसला. "कुटं जानार हाय व्हय ते?" तो म्हणाला. तीही हसली. त्या घरात दोघं मिळून एवढं मोकळं हसल्याचं तिला पुढं आठवत होतं ते तेवढंच.

दोन वर्षं मात्र खरंच चांगली गेली. एका खोलीत ईरप्पा आणि त्याची बायको आली. तो अक्कलकोटकडचा, गिरणीत मागावर. दुसऱ्या खोलीत साळ्यांची दोन माणसं होती. ती आपसात तेलुगूत बोलत, ईरप्पाचं घर कानडीत, आणि केराबाई सगळ्यांशीच सांगोल्याच्या मराठीत. तिनं दाराशी चुलाण घातलं, तुळस लावली. शिवप्पाच्या शेतात आणखी पाच-सहा घरं उठली. रस्ता होणार, दिवे येणार, असं बोललं जाई.

तिसाव्या सालात गिरणीत कापडाचे गठ्ठे पडून राहू लागले. नवं खातं तर निघालंच नाही, होती त्यातली एक पाळी आखडली. आठवड्यातले चार दिवस काम, मग तीन दिवस. असं का, ते कुणाला धड सांगता येत नव्हतं. विलायतेत कायतरी बुडालंय, एवढं मुकादम सांगे. वैशाखात गावात गोळीबार झाला, माणसं मेली आणि मार्शल लॉ लागला. लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळाले. साळी तर न सांगता गेले. ईरप्पा सांगून गेला.

"जातं हितंच ठिवतो," त्यानं किल्ली केराबाईच्या हातात देताना म्हटलं. "निवळलं की येतो. खोली दुसऱ्याला दिऊ नका."

निवळलं, पण ईरप्पा आला नाही. केराबाईनं खोली दुसऱ्याला दिली नाही, कारण मागायलाच कुणी आलं नाही. शिवप्पाच्या शेतातल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. शिवप्पाचा कापडातला पैसा बुडाला आणि उरलेलं रान गहाण पडलं.

त्याच दिवाळीत आबासाहेब आले. सरकीचे व्यापारी, बोलायला गोड आणि घाई नसलेले. त्यांना गोदामासाठी जागा बघायची होती. त्यांनी दीड गुंठ्याभोवती फेरी मारली, भिंतीवर काठी आपटली आणि आकडा सांगितला. घातलेल्यापेक्षा चौथाई कमी.

ते गेल्यावर तात्याबा म्हणाला, "दिऊन टाकू, केरा."

आयुष्यात त्यानं तिला एवढं थेट कधी काही म्हटलं नव्हतं.

"दिऊन टाकू आन जाऊ. येईल त्यात पंचवीस-तीस मेंढरं येत्यात. आता लई स्वस्त झाल्यात."

"घातल्यालं तरी निघाया नको?" केराबाई म्हणाली. "सहा म्हैनं कळ काढू. गिरणी सुरू हुईल. आज दिली तर चौथाई पान्यात."

तात्याबानं 'बरं' म्हटलं आणि तो विषय तिथंच संपला. पुढं कितीतरी वर्षं केराबाईनं तो 'बरं' आठवून पाहिला. त्यात राग होता का, हे तिला कधी कळलं नाही.

एकतीस संपता संपता सोनं चढू लागलं. रुपयाचं काहीतरी झालं होतं, आणि तेही कुणाला नीट माहीत नव्हतं. नव्या पेठेत सराफांच्या दुकानांपुढं खेड्यापाड्यातल्या बायकांची रांग लागे. कुणी पाटल्या काढून देई, कुणी नाकातली नथ. भाव तिसाच्या घरात गेला होता. एका दुपारी त्या रांगेत केराबाईला धुळाची बायको बजाबाई दिसली. तिच्या मुठीत पुतळ्यांची माळ होती.

"वन्सं, मोडती," बजाबाई जरा लाजून म्हणाली. "धनी म्हनत्यात, येकाच माळंत चाळीस मेंढरं येत्यात आता. पुन्हा असं घावायचं न्हाय."

"मोड की," केराबाई म्हणाली. "चांगला भाव हाय."

बजाबाईनं नणंदेच्या रिकाम्या गळ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडं नेली. केराबाई रांग संपेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली, माळ तोलली जाताना तिनं तराजूचा काटाही बघितला. मग बजाबाईला वेशीपर्यंत पोचवून ती घरी आली. दोन खोल्यांची कुलपं काढून तिनं आतून झाडून घेतलं. माणूस राहत नसलेल्या खोलीत एवढी धूळ कुठून येते ते तिला समजेना.

बत्तीसच्या पावसाळ्यात तात्याबाचं काम सुटलं. एक बॉयलर थंड केला होता. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतील म्हणून तो रोज सकाळी बदलीच्या रांगेत जाऊन उभा राही आणि नऊच्या आत परत येई. केराबाईला रीळ खात्यात आठवड्यातले तीन दिवस मिळत. घरपट्टी मात्र रिकाम्या खोल्यांचीही येतच होती.

आबासाहेब पुन्हा आले. आता आकडा निम्म्यावर आला होता. केराबाईनं नाही म्हटलं. या वेळी तिच्या मनात फायदा-तोटा नव्हता. आता विकली, तर बोरमाळ गेली, मेंढरं गेली, ती खरोखरच गेली असं होईल. जागा हातात होती तोवर ते सगळं त्या भिंतींत कुठंतरी आहे असं तिला म्हणता येत होतं. तात्याबा दाराशी बसून ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर धुळानं सांगावा धाडला. कळप वाढलाय, माणूस पाहिजे, दाजींना यायचं तर या. म्हणजे आपल्याच मेव्हण्याकडं राखोळीला, त्याची मेंढरं मजुरीवर राखायला. तात्याबानं घोंगडं झटकलं.

"मी बी येते," केराबाई म्हणाली.

"आन घर?"

समोरच्या बंद घराचे पत्रे मागच्या महिन्यात चोरीला गेले होते. आधी पत्रे, मग दार, मग चौकटी. महिन्याभरात नुसता दगडांचा ढीग उरला होता. घर रिकामं सोडलं तर आपल्याही घराचं तसंच होणार, हे दोघांना दिसत होतं. दोघांना एका जागी बसता यावं म्हणून ते घेतलं होतं, आणि आता ते राखायला एकानं मागं राहायला हवं होतं.

"तू ऱ्हा," तात्याबा म्हणाला. "मी येऊन-जाऊन करतो."

तो वर्षातून दोनदा यायचा. येताना हुलगे आणायचा, कधी मडकंभर तूप. अंगाला मेंढरांचा वास, पाय भेगाळलेले. पण कामाविना घरी बसला होता त्यापेक्षा चेहऱ्यावर जरा तकाकी असायची, आणि केराबाईला ते बघवत नसे. चार दिवस राहिला की तो बेचैन व्हायचा. उठून दारात जायचा, आभाळाकडं बघायचा. पाचव्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकायचा. ती त्याला नाक्यापर्यंत सोडायला जाई आणि परत येताना पाय उचलून चाले, कारण घर उघडं असे.

चौतीसच्या पौषात धुळा एकटाच आला. केराबाई दळत बसली होती. ईरप्पाचंच जातं. धुळानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, तेव्हा तिचा हात थांबला.

"कवा?"

"आज सा दिस झालं, आक्का. टेंभुर्णीच्या अलीकडं, भीमेच्या कडंला मेंढरं बसवली हुती. थंडी लई. आदल्या दिशी ताप भरला. मेंढी विनाया झाली हुती म्हनून दाजी पान्यात भिजलं, दुसरं काय न्हाय. बोलत हुतं. मी म्हनलं, सोलापूरला गाडीत घालून नेतो. तर म्हनलं, सकाळी बघू."

"माती?"

"तितंच दिली. न्हेऊन ठिवनार किती दीस?"

केराबाईनं जात्यातलं उरलेलं पीठ पदरानं गोळा केलं. "जागा ध्येनात हाय?" तिनं विचारलं.

"हाय की. आंब्याच्या दोन झाडांच्या मधी. मी दगड रवलाय."

धुळा आठ दिवस राहिला. माझ्याकडं चल म्हणाला, तेव्हा तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही ते त्याला कळलं नाही. तेराव्यानंतर ती स्वतःच चालत आबासाहेबांच्या पेढीवर गेली. आकडा आता तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. तिनं घासाघीस केली नाही.

"बाई, भाव मी पाडला न्हाय," आबासाहेब म्हणाले. ते खरंच होतं. "तुमी तवाच दिली असती तर मला बी बरं वाटलं असतं."

कचेरीत कारकुनानं खरेदीखत वाचून दाखवलं. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शिवप्पाची पडीक जमीन, दक्षिणेला पडकं घर, उत्तरेला बांध. केराबाईला वाटलं, एवढं सगळं आपल्या चारी अंगांना होतं आणि आपल्याला त्याची नावं माहीत नव्हती. तिनं अंगठा दिला. त्या पैशातून तिनं टेंभुर्णीकडं जाऊन तात्याबाच्या दगडाभोवती चार वीत उंचीचा ओटा बांधून घेतला. उरलेले पैसे त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला त्यात खाऊन संपले. धुळाकडं ती गेली नाही. भावाच्या घरी, बजाबाईच्या हाताखाली, तिला राहता आलं नसतं. आबासाहेबांनी शेवटची खोली तिला भाड्यानं दिली. भाडं बेताचं होतं, तो माणूस वाईट नव्हता.

आबासाहेबांना गोदामाची घाई नव्हती. चार वर्षं त्यांनी त्या जागेला हातही लावला नाही. मग गिरण्यांना हळूहळू काम येऊ लागलं. त्यांनी उरलेल्या मोकळ्या अंगावर आणखी तीन खोल्या काढल्या, आणि अडतीसच्या आषाढात सगळ्या भरल्या. नळ आला, रस्त्यावर दिवाही आला.

रीळ खात्यात केराबाईच्या शेजारी रंभाबाई बसायची. वय तिशीच्या आतलं, नवरा मागावर, गळ्यात नवीन केलेली ठुशी. एका सुट्टीच्या दिवशी ती केराबाईला ओढूनच घेऊन गेली. गावाच्या दुसऱ्या अंगाला कुणीतरी पुन्हा रानात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

"मावशी, तुमाला यातलं कळतं. घ्यावी का?"

केराबाई रेघेच्या आत जाऊन उभी राहिली. पायानं माती उकरली. रान मुरमाड होतं, जोत्याला चांगलं. पावसाचं पाणी कुठून कुठं जाईल ते तिनं उताराकडं बघून ताडलं.

"इसार दिला?"

"न्हाय अजून. ठुशी मोडावी लागंल."

"गिरणी बंद पडली तर किती दीस कळ काढशील?"

रंभाबाई गोंधळली. "किती काढाया लागंल?"

"ते कुनाला ठावं आसतंय? मी सात वर्सं काढली. अजून चार काढाया पायजे हुती. आबासायबानं ती चार काढली. पर त्येला ती पेढीवर बसून काढता आली. त्येचं मानूस काय मेंढरामागं गेलं न्हाय."

"म्हंजे घिऊ नको म्हनता?"

"जागा चांगली हाय," केराबाई म्हणाली. "माझी बी चांगलीच हुती की."

रंभाबाईला यातून काही उमगलं नाही. परतताना तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा केराबाईनं दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घ्यायची तर आहेच, म्हातारी नुसती घाबरवते, असं रंभाबाईच्या मनानं घेतलं असावं. पंधरा दिवसांनी ती रिळावर येऊन बसली तेव्हा गळ्यात ठुशी नव्हती.

"दिला, मावशी, इसार," ती हळूच म्हणाली. "कालच दिला."

केराबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरीचे डोळे लकाकत होते.

"हीर कितीक लांब हाय तितनं?" तिनं विचारलं.

"लांब हाय. पाव कोस आसंल."

"मग पान्याला पहाटंच जात जा. दीस वर आला की तितं रांग लागंल," केराबाई म्हणाली. तेवढ्यात मुकादम खात्यात आला आणि दोघी पुन्हा रिळांना लागल्या.